घराची पाणीपातळी

नगर जिल्ह्यात जमिनीतले पाणी काढण्याच्या दोन रीती आहेत. एक विहिरीची. काठावर उभे राहिले की पाणी किती परस खाली गेले ते दिसते. कपारी उघड्या पडू लागल्या की शेतकरी आपसूक उपसा आवरतो, अर्धे रान पडीक ठेवतो. दुसरी रीत बोअरची. त्या सहा इंची भोकात डोकावून काहीच दिसत नाही. बटण दाबले की पाणी येते, येत राहते आणि एखाद्या सकाळी मोटर नुसतीच गरगरते. मग आणखी शंभर फूट खोल, मग आणखी शंभर. लहान-मध्यम उद्योजकाच्या घरात लोभ कसा काम करतो हे समजायला हा दाखला पुरेसा आहे. धंद्याला लागणारा वेळ, जोखीम आणि मनाची उभारी यांचा मोठा वाटा घरातून उपसला जातो. तो उपसा कुठल्याच वहीत चढत नाही, म्हणून पातळी किती खाली गेली ते कोरड पडेपर्यंत कळत नाही. धंदा आणि घर यांच्या तोलाबद्दल जे बोलले जाते ते बहुधा तासांचे असते: नऊच्या आत घरी या, रविवार मोकळा ठेवा, जेवताना फोन बाजूला ठेवा. सल्ले वाईट नाहीत. पण किती हवे हेच ज्याने ठरवलेले नाही, त्याला कधी थांबायचे ते घड्याळ कसे सांगणार? माझे म्हणणे असे की लोभ मोठ्या आकड्यात नसतो, न ठरवलेल्या आकड्यात असतो. आणि तो आकडा ठरवण्याचे काम एकट्या धंदेवाल्याच्या मनावर सोडले तर ते होत नाही. त्याला घराची संमती लागते, आणि जमेल तिथे बाजारपेठेची आणि गावाचीही.

पहिला आक्षेप इथेच उभा राहतो. हाव नसती तर या दुष्काळी मुलखात काही उभेच राहिले नसते, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांना उत्तर जिल्ह्याच्याच इतिहासात सापडते. प्रवरेच्या काठी लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचे भागभांडवल जमवून सहकारी साखर कारखाना उभा केला आणि १९५०-५१ च्या हंगामात तो चालू झाला. त्या काळात कर्जात बुडालेल्या कुणब्यांनी कारखानदार व्हावे ही इच्छा लहान नव्हतीच. अनेकांना ती वेडगळ वाटली असणार. पण त्या कारखान्याचे पहिले अध्यक्षपद विठ्ठलरावांनी स्वतःकडे ठेवले नाही, ते अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांकडे गेले. नगरच्या फिरोदिया घराण्यातील हस्तीमल फिरोदियांनी १९७२ मध्ये लूना आणली तेव्हा त्यांच्यासमोर नेमके गिऱ्हाईक होते: सायकलच्या पुढे जाऊ पाहणारा आणि स्कूटर न परवडणारा माणूस. दोन्ही ठिकाणी मागणी मोठी होती, पण ती कशाची आहे हे सांगता येत होते. महत्त्वाकांक्षेला कर्म असते, व्याकरणातल्या अर्थाने: काय हवे, कोणासाठी हवे. लोभाच्या वाक्यात क्रियापद असते आणि कर्माची जागा रिकामी असते. नुसते ‘हवे’. दहा लाखांची उलाढाल असताना पंचवीसची, पंचवीस झाली की शेजारच्या गाळ्याइतकी. आकडा बदलत राहतो आणि प्रत्येक वेळी तो दुसऱ्याकडे पाहून ठरतो. म्हणून लोभी माणूस कष्टाळूही असू शकतो, काटकसरीही असू शकतो, साधाही राहू शकतो. त्याला ओळखायचे तर त्याची राहणी पाहू नये. कुठे पोचल्यावर थांबणार, एवढे विचारावे आणि उत्तर येते का ते पाहावे.

नोकरदाराच्या लोभाची झळही घराला लागते, पण धंदेवाईकाच्या घराची गोष्ट वेगळी आहे आणि ती कायद्यातच वेगळी आहे. देशातील सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी झाली, तेव्हा अशा उद्योगांची संख्या सव्वासहा कोटींहून अधिक भरली आणि त्यांतील जवळजवळ ९६ टक्के एकमालकी होते. एकमालकी धंद्यात दुकान आणि दुकानदार यांच्यामध्ये कायद्याची भिंत नसते. धंद्याचे देणे हे मालकाचे देणे, आणि ते त्याच्या घरादारावर येते. वाढीसाठी कर्ज काढायचे झाले की तारण म्हणून पुढे येते ते बहुतेक वेळा राहते घर, आणि सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून बायकोची, वडिलांची, भावाची सही. हप्ते थकून खाते अनुत्पादक झाले की २००२ च्या सरफेसी कायद्यानुसार ६० दिवसांची नोटीस देऊन, कोर्टात दावा न लावता, बँक तारणाचा ताबा घेण्याच्या मार्गाला लागू शकते. या कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. गावातले घर वगळलेले नाही. म्हणजे नवा शेड टाकायचा, दुसरी मशीन घ्यायची, शेजारच्या तालुक्यात शाखा काढायची हे निर्णय होतात गल्ल्यावर किंवा सीएच्या कार्यालयात, पण त्यांची जोखीम ज्या छपरावर येते त्याखाली राहणाऱ्यांना निर्णयाची खबर सहीपुरतीच मिळते. कुटुंब हा धंद्यातला असा भागीदार आहे ज्याला तोट्यात वाटा असतो, मत नसते. बँकेला त्याची सही लागते. मालकाला त्याचे म्हणणे लागत नाही.

छपरानंतर वेळ. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातले बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे तिच्यात आढळले. धंदेवाला माणूस बाजारात सोळा तास उभा राहू शकतो याचा अर्थ त्याच्या वाटचे कोणीतरी घरात उभे आहे. धंदा बाईचा असेल तर हे गणित आणखी बिकट होते, कारण तिच्या वाटचे उभे राहायला सहसा कोणी नसते. अर्थशास्त्राचे २०२३ चे नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी काही कामांनाच ‘लोभी’ म्हटले आहे: केव्हाही हाक मारली तरी हजर राहणाऱ्याला जी कामे प्रमाणाबाहेर मोबदला देतात ती. जोडप्यातील एकाने असे काम धरले की दुसऱ्याला घर धरावे लागते, असा त्यांचा सिद्धांत आहे. त्यांचा अभ्यास अमेरिकेतल्या वकील, डॉक्टर, वित्तक्षेत्रातल्या नोकरदारांचा आहे. पण आपल्याकडच्या दूध संकलन केंद्राला, कांद्याच्या आडतीला, शिर्डीतल्या लॉजला तो अधिकच लागू पडतो. दूध दोन वेळ येते, त्याला सणवार नाही. लिलावाच्या दिवशी आडत्या घरी थांबू शकत नाही. भाविक पहाटेच्या काकड आरतीला येतो आणि रात्रीच्या शेजारतीलाही. गोल्डिन यांच्या मांडणीतून एक गोष्ट मान्य करावी लागते: लोभ नुसता माणसाच्या मनात नसतो, कामाच्या घडणीतही असतो. पण नोकरदाराला लोभी काम नेमून देणारा मालक दुसरा असतो. धंदेवाला स्वतःच स्वतःला नेमून देतो, आणि म्हणून ते थोडे कमी लोभी करणेही काही अंशी त्याच्याच हातात असते.

यावर दुसरा आक्षेप येतो आणि तो पहिल्यापेक्षा वजनदार आहे. याला लोभ म्हणणे अन्याय आहे, ही मजबुरी आहे. नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत मोठ्या कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्या लहान युनिटवाल्याचे देयक महिनोन्‌महिने अडकते. त्याला पगार मात्र सात तारखेला करायचे असतात. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्याने पैसे देण्याला जास्तीत जास्त ४५ दिवसांची मुदत घातली. ती पाळली जात नाही म्हणूनच २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरातही तरतूद करून असे थकवलेले देणे प्रत्यक्ष चुकते करण्याआधी खर्च म्हणून दाखवायला मनाई करावी लागली. अशा माणसाला ‘घरी लवकर जा’ म्हणणे ही थट्टाच. हा आक्षेप मी बव्हंशी मान्य करतो. जिथे थांबले तर चूल विझेल तिथे लोभ हा शब्दच लावू नये. पण मजबुरी आणि लोभ ओळखायची एक साधी परीक्षा आहे. अडचणीच्या वर्षात चढवलेला वेग, अडचण फिटल्यावर उतरला का? कर्ज फिटले, देयके वेळेवर येऊ लागली, हाताखाली दोन माणसे आली. त्यानंतरही जर तीच धावपळ, तीच चिडचिड, तेच ‘एवढा सीझन जाऊ दे’ चालू असेल तर मजबुरी केव्हाच घरी गेली आहे आणि तिच्या नावावर दुसरेच कोणी राहते आहे. मजबुरीची सवय लागते आणि लोभाला तिच्या कपड्यांत वावरणे सोयीचे जाते. बोअर दुष्काळात मारलेला असतो. पाऊस चांगला झाला म्हणून कोणी तो बंद करत नाही.

तिसरा आक्षेप भावनेचा आहे आणि म्हणून त्याला उत्तर देणे सर्वांत अवघड: हे सगळे पोरांसाठीच तर चालले आहे. हे म्हणणारा बहुतेक वेळा खोटे बोलत नसतो. पण ‘पोरांसाठी’ हा खर्चाचा हिशोब असेल तर त्याची बेरीज करता आली पाहिजे: शिक्षण, घर, आजारपण, लग्नकार्य, म्हातारपणची तजवीज. ही यादी मोठी असली तरी तिला शेवट आहे. ज्या दिवशी ती भरली त्या दिवसानंतरची कमाई पोरांसाठी आहे असे म्हणता येत नाही. दुसरे असे की पोरांना जे द्यायचे त्यातले काही नंतर देता येत नाही. सातव्या वर्षी हवा असलेला बाप सत्तराव्या लाखातून परत विकत घेता येत नाही, आणि वारसाने जो धंदा पुढे चालवावा अशी इच्छा असते, त्या धंद्याबद्दल त्याच्या मनात लहानपणापासून काय साठत गेले याची नोंद कोणी ठेवलेली नसते. बाप ज्याला पोरासाठीची ठेव समजत असतो, तिला पोर बापाला घेऊन जाणारी गोष्ट समजत असते.

लोभ फक्त उद्योजकाच्या घरात राहत नाही, तो उद्योजकाच्या शिलकीबरोबर बाहेर पडतो, याची किंमत जिल्ह्याने अलीकडेच मोजली आहे. २०२४ मध्ये शेवगाव तालुक्यात शेअर बाजाराच्या नावाने दरमहा भरघोस परतावा कबूल करणाऱ्यांनी दुकाने गुंडाळली आणि पोलिसांत गुन्हे दाखल झाले. आपल्या गावांत व्याज महिन्याच्या टक्क्यांत बोलले जाते, म्हणून ‘महिना दहा टक्के’ हे कानाला फार मोठे वाटत नाही. ते चक्रवाढीने मांडले तर एक लाखाचे वर्षात जवळजवळ तीन लाख चौदा हजार होतात. असे पीक कोणत्या रानात येते, हे रोज माल घेणारा-विकणारा माणूस एरवी लगेच विचारतो. वांग्याच्या क्रेटमागे दोन रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्यालाही त्या एका ठिकाणी तो प्रश्न सुचत नाही. का? कारण तो प्रश्न विचारायला ‘मला किती पुरे’ हे आधी ठरलेले लागते. फसवणाऱ्याचा दोष यामुळे कणभरही कमी होत नाही, आणि सगळेच ठेवीदार लोभी होते असे म्हणणे क्रूरपणाचे ठरेल. पुष्कळांनी शेजाऱ्यावर विसंबून पैसे दिले असतील. त्याच जिल्ह्यात १९१० साली स्थापन झालेल्या नगर अर्बन सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द केला. पुरेसे भांडवल आणि कमाईची शक्यता नसल्याचे कारण दिले. ही गोष्ट लोभाची म्हणून मी सांगत नाही. शतक ओलांडलेली जागाही आटू शकते, एवढ्यासाठी सांगतो. ठेवींना विम्याचे संरक्षण पाच लाखांपर्यंत, पतसंस्थेच्या ठेवीला तेवढेही नाही. आणि हिशोब चुकला की त्याची झळ आधी पोचते घरातल्या पोरांच्या शाळेच्या फीपर्यंत.

मग उपाय काय? ‘लोभ सोडा’ हा उपदेश आहे, उपाय नव्हे. उपायाची एक जुनी आणि व्यवहारी रीत नगरच्या बाजारपेठेला ठाऊक आहे. पाथर्डी तालुक्यातल्या चिचोंडीत १९०० साली जन्मलेल्या आणि १९९२ साली नगरात देह ठेवलेल्या आचार्य आनंदऋषीजींच्या समाजात, म्हणजे जैन श्रावकांत, पाचवे अणुव्रत परिग्रह-परिमाणाचे आहे. साधूने सर्वस्व टाकायचे. गृहस्थाने टाकायचे नाही, मोजायचे. जमीन किती, घरे किती, सोने-रोकड किती याची मर्यादा त्याने आपणच आधी घालून घ्यायची. त्याच्या जोडीला दिग्व्रत आहे: कुठल्या दिशेला किती दूरपर्यंत जायचे याची हद्द. व्यापाऱ्याला प्रवासाची हद्द घालणारे व्रत घराच्या दृष्टीने किती सूक्ष्म आहे, ते शाखा काढत सुटलेल्या माणसाच्या बायकोला विचारावे. या व्रतांची खुबी ‘किती’ यात नाही, ‘केव्हा’ यात आहे. मर्यादा आधी ठरते, पैसा नंतर येतो. कोणी म्हणेल, व्रत घेणारे मर्यादा सैल ठेवतात, आणि पुष्कळ जण ती घेतही नाहीत. खरे आहे. तरीही सैल कुंपण आणि कुंपणच नसणे यांत फरक आहे. कुंपणापाशी पोचल्याचे निदान कळते. अर्थशास्त्रज्ञांना मात्र अशी हद्द खटकते. न्यूयॉर्कच्या टॅक्सीचालकांवरचा १९९७ चा एक गाजलेला अभ्यास सांगतो की ते दिवसाचा गल्ला मनात धरतात आणि तो भरला की घरी जातात, म्हणून भरभराटीच्या दिवशी लवकर थांबतात. निष्कर्षांवर पुढे वाद झाला. पण या वागण्याला चूक म्हणण्याचे कारण एवढेच की अशाने कमाई कमी होते. घरी लवकर पोचल्याची मिळकत त्या गणितात कुठल्याच बाजूला धरलेली नव्हती.

एकट्याने घातलेली हद्द मोडायला मात्र वेळ लागत नाही, कारण समोरचा दुकानदार उघडा असतो. १९४८ च्या जुन्या दुकाने कायद्यात दुकानाला आठवड्यातून एक दिवस बंद ठेवण्याचे बंधन होते. २०१७ च्या नव्या कायद्याने दुकाने वर्षभर रोज उघडी ठेवायला मुभा दिली. कामगाराची साप्ताहिक सुटी त्यात राखली आहे. मालकाला सुटी देणारे कलम असण्याचे कारण नाही, पण बाजारबंदचा वार सगळ्यांना एकदम थांबवत होता, तेव्हा थांबण्यात कोणाचे गिऱ्हाईक तुटत नव्हते. हे सामुदायिक थांबणे अशक्य नाही, याचा पुरावा नगरपासून फार लांब नाही. हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या सरपंचपदाच्या काळात शेतीसाठी बोअर घ्यायचे नाहीत आणि ऊस-केळीसारखी तहानलेली पिके लावायची नाहीत असे ठरवले. पाऊस सरला की गाव पाण्याचा ताळेबंद मांडते: आधी माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे, मग उरेल त्याप्रमाणे पिके. ज्याच्या रानाखाली पाणी जास्त त्याला उसाचे पैसे सोडावे लागले असतील. तरी ते गाव गरीब झाले नाही, उलट बाहेर गेलेली कुटुंबे परत आली. इथे शेवटचा आक्षेप घेता येईल की हद्द घालणे भरल्या पोटाचे काम आहे. हिवरे बाजारने ती घातली तेव्हा पोट भरलेले नव्हते. पाणी नव्हते म्हणूनच ते मोजायला लागले.

घराचा असा ताळेबंद मांडायचा तर पहिली अट, दोन खाती वेगळी हवीत. ज्यांचे नाव आता जिल्ह्याला दिले आहे त्या चौंडीच्या अहिल्याबाई होळकरांच्या राज्यात दौलतीचा पैसा एक आणि खासगीचा पैसा एक असे दोन हिशोब होते, आणि देशभरातल्या घाट-मंदिरांचा त्यांचा दानधर्म खासगीतून होई. आजचा एकमालकी धंदेवाला नेमके उलटे करतो: गल्ला आणि घर एकाच खिशात, त्यामुळे गल्ल्याची भूक घराला कधी लागली ते कळत नाही. मालकाने स्वतःला ठरलेला पगार घ्यावा, घरातले जे कोणी गल्ल्यावर बसतात त्यांनाही द्यावा, राहते घर कोणत्या रकमेपलीकडे तारण ठेवायचे नाही ते लिहून ठेवावे, कुठली उलाढाल गाठली की वाढ थांबवून माणूस नेमायचा ते लिहून ठेवावे. पुढे परिस्थिती बदलली तर हे आकडे बदलता येतील; पण बदलायचे तर पुन्हा सगळ्यांनी बसून, एकट्याने गल्ल्यावर नव्हे. लक्ष्मीपूजनाला बाजारपेठेत नव्या वह्यांची पूजा होते. पहिल्या पानावर ‘श्री’ आणि ‘शुभ-लाभ’ लिहिले जाते. त्याच्या मागच्या पानावर यंदाची हद्द लिहायला कुठला कायदा आडवा येत नाही. कर्जाच्या कागदावर बँक ज्या बाईची सही मागते, तिची सही त्या पानावरही घ्यावी. तारणापुरते तिला विचारायचे आणि हद्द ठरवताना विसरायचे, हा व्यवहार कुठल्याही चोख व्यापाऱ्याला दुसऱ्या कोणत्या भागीदाराशी करायला लाज वाटेल.